जंबोची ठिगळं : कॉरिडॉरमधल्या फलकाच्या प्रकल्प नोंदी

२७ एप्रिल २०२४

वर्कशॉपबाहेरच्या कॉरिडॉरची १६ फुटी भिंत अखेर आमच्या ताब्यात आली. एअरक्राफ्ट मेंटेनन्सच्या मुलांसाठी तिच्यावर बोइंग ७४७ चा फलक लावायचा आहे. निमित्त उघड आहे. गेल्या सोमवारी, २२ तारखेला, एअर इंडियाचं ‘आग्रा’ नावाचं ७४७ मुंबईहून अखेरचं उडालं आणि जाता जाता पंख हलवून गेलं. तो व्हिडिओ आठवडाभर प्रत्येक ग्रुपवर फिरतोय.

विभागप्रमुखांच्या डोळ्यासमोर फोटोंचा कोलाज आहे : महाराजा, खिडक्यांच्या महिरपी, साडीतल्या हवाई सुंदरी आणि शेवटी ‘आग्रा’ला टाटा. मामाला विचारलं. मामा आयुष्यभर सांताक्रूझच्या हँगरमध्ये शीट मेटलवर होता, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. तो म्हणाला, “अगं, फोटो लावून पोरांना काय कळणार? विमान म्हातारं कसं होतं ते दाखव.”

तेच ठरवलं. फोटो एकच ठेवायचा, तोही कोपऱ्यात.

२ मे

डावीकडचे २ फूट इतिहासाला दिले. त्याहून जास्त द्यायचे नाहीत, कारण हे सगळं मुलांना फोनवर सापडतं. १९६६ मध्ये पॅन अ‍ॅमने २५ विमानांची ऑर्डर दिली. ९ फेब्रुवारी १९६९ ला पहिलं उड्डाण, २२ जानेवारी १९७० ला न्यूयॉर्क-लंडन प्रवासी सेवा. एकूण १,५७४ विमानं बनली. शेवटचं ३१ जानेवारी २०२३ ला अ‍ॅटलास एअरला मिळालं, आणि ते मालवाहू होतं.

विमानाच्या पुढच्या भागावरच्या पोकाबद्दल मात्र एक चौकट टाकतेय. साठच्या दशकात सगळ्यांची खात्री होती की पुढचा जमाना आवाजापेक्षा वेगवान विमानांचा. ७४७ थोडीच वर्षं प्रवासी नेईल आणि मग माल वाहील, असा हिशोब होता. म्हणून नाक वर उचलून समोरून माल भरता यावा, आणि त्यासाठी कॉकपिट वर चढवावं. पोक आलं ते तिथून. म्हणजे या विमानाच्या उतारवयाची सोय ते जन्माला यायच्या आधीच करून ठेवली होती. ज्याच्या भीतीने हे केलं ते कॉन्कॉर्ड २००३ मध्ये थांबलं, ७४७ अजून माल वाहतंय.

९ मे

फलकाचा कणा आज सापडला. विमानाचं वय कशात मोजायचं?

मुलं वर्षं सांगतात. जरा हुशार मुलं उड्डाणाचे तास सांगतात. पत्र्याच्या लेखी मात्र मोजणी सायकलची : एक उड्डाण, एक उतरणं, आणि मध्ये केबिनमध्ये एकदा हवेचा दाब भरणं. वर गेल्यावर आतला दाब बाहेरच्यापेक्षा दर चौरस इंचाला साधारण ९ पौंडांपर्यंत जास्त असतो. विमानाची कातडी, म्हणजे बाहेरचा पत्रा, फुगते, खाली आल्यावर बसते. तार दोन्हीकडे वाकवत राहिलं की एका जागी तुटते, तसं रिव्हेटच्या, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या, भोकांच्या कडेला होत जातं.

मग आकडे शेजारी शेजारी मांडले. चारही विमानं अपघातात गेलेली आहेत, म्हणूनच त्यांचे आकडे चौकशी अहवालांत नेमके मिळतात.

टीडब्ल्यूए या अमेरिकन कंपनीच्या उड्डाण क्रमांक ८०० चं ७४७, १९९६ : वय २५ वर्षं, ९३,३०३ तास, १६,८६९ सायकल.

जपान एअरलाइन्स १२३ चं ७४७, १९८५ : वय ११ वर्षं, २५,०३० तास, १८,८३५ सायकल.

चायना एअरलाइन्स ६११ चं ७४७, २००२ : वय सुमारे २३ वर्षं, ६४,८१० तास, २१,३९८ सायकल.

अलोहा २४३ चं छोटं ७३७, १९८८ : वय १९ वर्षं, ३५,४९६ तास, ८९,६८० सायकल.

भागाकार करून पाहिला. टीडब्ल्यूएचं विमान एका उड्डाणात सरासरी साडेपाच तास हवेत असायचं, जपानचं १ तास २० मिनिटं, आणि हवाई बेटांवरून बेटांवर उड्या मारणारं अलोहाचं २४ मिनिटं. ११ वर्षांचं जपानी विमान २५ वर्षांच्या अमेरिकन विमानापेक्षा पत्र्याने म्हातारं होतं! जपानच्या देशांतर्गत फेऱ्यांसाठी ७४७ चा वेगळा, मजबूत केलेला एसआर प्रकार काढला होता तो याच कारणासाठी. तिथे टोकियो-ओसाकासारख्या अंतरालाही जंबो लागायचं.

एप्रिल १९८८ मध्ये अलोहाच्या विमानाचं पुढचं छप्पर हवेतच उडून गेलं. म्हाताऱ्या विमानांच्या तपासणीचे वेगळे कार्यक्रम जगभर त्यानंतर खऱ्या अर्थाने लागू झाले. मामा म्हणतो, त्याआधी ‘जुनं’ हा शब्द हँगरमध्ये कोणी तक्रारीच्या सुरात काढत नसे. उलट “जुनं आहे, सगळं माहितीतलं आहे” असंच म्हणत.

१८ मे

जपान १२३ ला ३ फूट दिले. फलकावर सर्वांत जास्त जागा याला, आणि ती कमी करणार नाही.

२ जून १९७८. ओसाकाच्या इतामी विमानतळावर उतरताना या विमानाची शेपटी धावपट्टीला घासली. केबिनच्या मागच्या टोकाला असलेल्या दाब झेलणाऱ्या घुमटाचा, म्हणजे आफ्ट प्रेशर बल्कहेडचा, खालचा भाग बदलावा लागला. काम बोइंगच्या तुकडीने केलं. वरचा जुना अर्धा आणि खालचा नवा अर्धा जिथे जुळत होते तिथे काही ठिकाणी रिव्हेटपासून कडेपर्यंत पुरेसं अंतर उरलं नाही, म्हणून मध्ये एक जोडपट्टी घालायची असं ठरलं. एकच अखंड पट्टी, तिच्यावर रिव्हेटच्या तीन ओळी. बसवताना पट्टी दोन तुकड्यांत घातली गेली.

एवढंच. रिव्हेट सगळे आहेत, ओळी तीन आहेत, वरून बघणाऱ्याला जोड पूर्ण दिसतो. पण पट्टी मधून तुटलेली असल्यामुळे जो भार दोन ओळींनी वाटून घ्यायचा, तो एकीवर आला.

नंतरच्या हिशोबाने असा जोड ११,००० सायकलच्या आसपास फाटायला हवा होता. त्याने १२,३०० च्या आसपास काढल्या. १२ ऑगस्ट १९८५ ला हानेदाहून ओसाकाला निघाल्यावर १२ मिनिटांत घुमट फाटला. आतली हवा शेपटीत घुसली, उभा पंख उडाला, विमान वळवणाऱ्या चारही हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) यंत्रणांच्या नळ्या त्याच जागेतून जात असल्यामुळे चारही रिकाम्या झाल्या. वैमानिकांनी नुसत्या इंजिनांच्या जोरावर अर्धा तास विमान हवेत ठेवलं. ५२४ पैकी ५२० माणसं गेली.

चार यंत्रणा असणं आणि चारही एका कोपऱ्यातून जाणं, यावर वेगळी चौकट हवी. संध्याकाळी स्केच काढलं, नीट जमलेलं नाही.

२५ मे

फलकावर चित्र पुरणार नाही, हातात धरायचा नमुना हवा, असा मामाचा हट्ट. त्याच्या गॅलरीत बसून दोन जोड बनवले.

पत्रा २ मिलिमीटरचा अ‍ॅल्युमिनियम. घरगुती पॉप रिव्हेट मामाने हातातही घेतले नाहीत. जुन्या डब्यातून १/८ इंची सॉलिड रिव्हेट काढले. ड्रिल ३० नंबरचं. कडेपासून भोकाच्या मध्यापर्यंत रिव्हेटच्या व्यासाच्या दुप्पट अंतर, ते त्याने मोजपट्टी न लावता पेन्सिलने आखलं आणि मी नंतर व्हर्नियरने मोजलं तर बरोबर निघालं. भोकं पाडल्यावर पत्रे वेगळे करून प्रत्येक भोकाची खरबरीत कड बोटाने चाचपून साफ केली. “इथे कुसळ राहिलं की भेग इथूनच निघते.” मग क्लेको, म्हणजे भोकांत बसणारे तात्पुरते चाप, लावून पत्रे घट्ट धरले. मी मागून बकिंग बार, म्हणजे रिव्हेटला टेकवायचा लोखंडी ठोकळा, धरला, मामाने गन चालवली. कंप्रेसर शेजारच्या गॅरेजमधून आणलेला, त्यामुळे खालच्या मजल्यावरच्या काकू दोनदा वर येऊन गेल्या.

मागे उमटलेलं डोकं रिव्हेटच्या व्यासाच्या दीडपट रुंद आणि निम्मं उंच असायला हवं. माझ्या बाजूचं एक तिरकं झालं. मामाने काही न बोलता ते ड्रिलने काढलं आणि पुन्हा मारलं.

पहिल्या जोडात मधली पट्टी अखंड. दुसऱ्यात तीच पट्टी करवतीने उभी कापून दोन तुकडे. वरून दोन्ही नमुने इतके सारखे दिसतात की मागे मार्करने १ आणि २ लिहून ठेवावं लागलं. दोन्ही जोड वर्कशॉपच्या व्हाइसमध्ये धरून वाकवले, तेव्हा दुसरा एका ओळीवर मोडायला लागला आणि पहिला आमच्याशी भांडत राहिला. हा काही प्रयोगशाळेचा पुरावा नाही, पण दुसऱ्या वर्षाच्या मुलाने एकदा स्वतःच्या हाताने वाकवला की त्याला अहवालातली आकृती समजावी लागणार नाही.

८ जून

चायना एअरलाइन्स ६११. गोष्ट तीच, फक्त वेळ जास्त लागला.

फेब्रुवारी १९८०, हाँगकाँगचा काय तक विमानतळ, पुन्हा शेपटी घासली. त्या वर्षी मे महिन्यात कायमची दुरुस्ती म्हणून ओरखड्यांवर डबलर, म्हणजे वरून पत्र्याचं ठिगळ, रिव्हेट करून लावलं. ओरखडे पडलेला पत्रा कापून काढायला हवा होता. तो तसाच खाली राहिला. २२ वर्षं त्या ओरखड्यांतून भेगा वाढल्या, आणि ठिगळाने त्या बाहेरून झाकून ठेवल्या. २५ मे २००२ ला तैपेईहून हाँगकाँगला जाताना, ३५,००० फुटांजवळ, विमान हवेतच फुटलं. २२५ माणसं गेली. विमान दुसऱ्या कंपनीला विकायचंही ठरलेलं होतं.

मामाला यातली एक गोष्ट सांगितल्यावर तो बराच वेळ फोटो मागत राहिला. आदल्या नोव्हेंबरच्या तपासणीतल्या छायाचित्रांत ठिगळाच्या कडेला तपकिरी डाग दिसतात. ते निकोटिनचे. विमानात सिगारेट ओढायची परवानगी होती तेव्हा आतली धुरकट हवा भेगेतून बाहेर पाझरत होती आणि पत्र्यावर डाग ठेवून जात होती. म्हणजे धूम्रपान बंद व्हायच्या आधीपासून गळती चालू होती.

“अगं, आम्ही तेच तर बघायचो!” मामा म्हणाला. “जिथे हवा बाहेर पडते तिथे तांबूस ओघळ. दाराच्या सीलला, आउटफ्लो व्हॉल्व्हला. पुसायच्या आधी बघायचं, पुसल्यावर काय दिसणार?” सिगारेटबंदीने फुप्फुसं वाचली, पण तपासणाऱ्याचा एक फुकटचा रंग गेला. हे वाक्य फलकावर घ्यायचं की नाही, विभागप्रमुखांना विचारते. त्यांना आवडणार नाही.

१६ जून

सेक्शन ४१. ७४७ चं नाक आणि पोकाखालचा भाग. बाकी नळकांडं गोल, इथे मात्र पोकामुळे बाजू चपट्या. गोल कातडी दाबाखाली नुसती ताणली जाते, चपटी वाकते. म्हणून इथल्या फ्रेमना भेगा लवकर पडल्या आणि १९८६ नंतर जुन्या विमानांत हा भाग उघडून फ्रेम बदलाव्या लागल्या. आकृती तयार आहे, मजकूर ४ ओळी. पुरे.

टीडब्ल्यूए ८०० साठी मात्र वेगळी पट्टी हवी, नाहीतर मुलं सायकलच्या आकड्यालाच देव मानतील. ते विमान सायकलने फार थकलेलं नव्हतं. पोटातल्या मधल्या टाकीत उरलेल्या इंधनाची वाफ पेटली. ठिणगी नेमकी कुठून आली ते ठरलं नाही, पण टाकीबाहेरच्या तारांमधला शॉर्ट सर्किट आणि तिथून इंधनमापकाच्या वायरिंगमधून टाकीत शिरलेली वीज, ही सर्वांत संभाव्य शक्यता तपासाने धरली. वायरीचं आवरण सायकल मोजत नाही. ते उन्हापावसाने, तेलाने, घासण्याने आणि नुसत्या वर्षांनी चिरतं. पत्र्याचं वय एक, तारांचं दुसरं.

२९ जून

मालाचा भाग. कॉम्बीशिवाय तो अपुरा, आणि कॉम्बी आपल्याकडे होती. १९८८ मध्ये एअर इंडियाने दोन ७४७-३०० कॉम्बी घेतली : ‘शिवाजी’ आणि ‘नरसिंह वर्मन’. पुढे माणसं, मध्ये भिंत, मागे त्याच मजल्यावर पॅलेटवर माल, आणि डाव्या बाजूला पंखामागे मालाचं मोठं दार. सीटा भरत नसतील तर माल, माल नसेल तर सीटा. कंपनीच्या हिशोबनीसाचं लाडकं विमान.

पण आदल्याच वर्षी, २८ नोव्हेंबर १९८७ ला, साउथ आफ्रिकन एअरवेजचं ‘हेल्डरबर्ग’ तैपेईहून येताना मॉरिशसजवळ समुद्रात पडलं होतं. तेही कॉम्बीच. भिंतीमागच्या मालाला आग लागली, १५९ जण गेले. अवशेष ४ किलोमीटरहून खोल पाण्यातून काढले, पण कशाने पेट घेतला ते आयोगाला ठरवता आलं नाही. तेव्हाची व्यवस्था अशी होती : धूर दिसला की कर्मचाऱ्याने हातातलं सिलिंडर घेऊन मालाच्या खोलीत शिरायचं आणि आग शोधायची. छतापर्यंत रचलेल्या पॅलेटच्या जाळ्यांमध्ये, काळ्या धुरात. लिहिताना माझाच विश्वास बसेना म्हणून नियम पुन्हा वाचला. नंतर नियम कडक झाले, कॉम्बीचं गणित महाग होत गेलं. डच कंपनी केएलएमने आपल्या प्रवासी ७४७ मार्च २०२० मध्ये थांबवल्या, तोवर त्यांच्याकडे कॉम्बी होत्या.

प्रवासी विमान पुढे मालवाहू का होतं, याचं उत्तर मामाने ओळीत दिलं : “माल तक्रार करत नाही आणि रात्री उडतो.” जुनं विमान स्वस्त पडतं, दिवसाला कमी तास उडालं तरी भांडवल अंगावर येत नाही. बदल करताना खिडक्या बुजवतात, जमिनीचे बीम मजबूत करतात, बाजूला साधारण ११ फूट रुंद आणि १० फूट उंच दार कापतात. नाक उघडत नाही, ते कारखान्यातच मालवाहू म्हणून जन्मलेल्याचं. विमानतळावर ७४७ मालवाहू दिसलं की आधी नाकाकडे बघायचं, त्याचं पूर्वायुष्य कळतं.

६ जुलै

दारं. युनायटेड ८११, २४ फेब्रुवारी १९८९, होनोलुलूहून निघालेलं. पुढचं मालाचं दार २२,००० फुटांवर उघडून फाटलं, ९ प्रवासी बाहेर ओढले गेले. विमान मात्र दोन इंजिनांवर परत आणून उतरवलं.

आधी तपासाने कुलपांची झीज आणि देखभाल यांच्यावर बोट ठेवलं. मृतांपैकी एका न्यूझीलंडच्या तरुणाचे आईवडील ते मानेनात. त्यांनी कागदपत्रं मिळवून स्वतःच दाराचा अभ्यास केला. पुढे प्रशांत महासागराच्या तळातून ते दार काढलं, आणि १९९२ चा नवा अहवाल म्हणाला : विजेच्या बिघाडाने दाराची मोटर स्वतःहून फिरली, आणि कुलपाचे पातळ भाग तिला अडवू शकले नाहीत. मुलांसाठी यात जमेची बाजू एवढी की हेच विमान दुरुस्त होऊन १९९० मध्ये नव्या नंबराने सेवेत आलं आणि आणखी बरीच वर्षं उडालं. दुरुस्ती म्हणजे फक्त पाप नव्हे, हेही कुठेतरी दिसायला हवं.

७ जुलै

इंजिन धरणाऱ्या पायलॉनच्या फ्यूज पिना (जादा भार आला तर ठरवून तुटणाऱ्या खुंट्या) : डिसेंबर १९९१ तैवान, ४ ऑक्टोबर १९९२ अ‍ॅमस्टरडॅम. दोन्ही मालवाहू ७४७, दोन्हींत उजव्या पंखाचं एक इंजिन तुटून शेजारच्याला घेऊन गेलं. अ‍ॅमस्टरडॅमला ते एका इमारतीवर पडलं. पिनांचं डिझाइन बदललं. मामाकडे आकृतीसाठी वापरता येईल अशी बाद पिन नाही, लाकडाची करून घेऊ.

२० जुलै

विभागप्रमुखांसमोर मांडणी. अपेक्षेप्रमाणे : “फार अपघात आहेत. पालक येतात, प्रवेशाचे दिवस आहेत.” त्यांचं सगळंच चूक नाही. १,५७४ विमानांपैकी बहुतेक निमूटपणे निवृत्त झाली, हे फलकावरून कळत नव्हतं. म्हणून उजवीकडे एअर इंडियाच्या ‘अजिंठा’ आणि ‘वेल्हा गोवा’ या ७४७ च्या नावाने एक पट्टी वाढवली : डी-चेकमध्ये, म्हणजे काही वर्षांनी होणाऱ्या सर्वांत मोठ्या तपासणीत, विमान कसं सोलतात, सीटा, भिंती, गालिचे काढून नुसता सांगाडा कसा उरतो. जपान १२३ चे ३ फूट मात्र सोडले नाहीत. जपान एअरलाइन्सने तो फाटलेला घुमट हानेदाच्या सुरक्षा केंद्रात स्वतःच्याच कर्मचाऱ्यांना दाखवायला मांडून ठेवलाय. ते जर दाखवतात तर आपण का लाजायचं, यावर साहेब गप्प बसले.

निकोटिनचं वाक्य गेलं. डाग राहिले.

३ ऑगस्ट

फलक लागला. फ्लेक्स न करता सनबोर्ड केलं, ते बरं झालं, कॉरिडॉरमध्ये पावसाची झड येते. नमुने १ आणि २ साखळीने टांगलेत. साखळी आखूड झाल्यामुळे मागची बाजू बघायला मान वाकडी करावी लागते, लांब साखळी आणायची.

पहिल्या वर्षाच्या एकाने विचारलं की दुरुस्ती करणाऱ्याला पट्टी कापलेली आहे हे माहीत नव्हतं का. मामा म्हणाला, “माहीत असणारच, त्यानेच कापली. आपण काय कापतोय ते कळत नव्हतं.” मग त्याला ड्रॉइंग आणि जॉब कार्ड शेजारी ठेवून वाचायला बसवलं, तो अर्धा तास सुटला नाही.

१७ ऑगस्ट

उरलेली कामं : हायड्रॉलिक नळ्यांचं स्केच नव्याने. फ्यूज पिन सुताराकडे दिली आहे. तिसरा नमुना चायना ६११ चा, ओरखडे काढलेल्या पत्र्यावर डबलर, पण एका बाजूला बिजागरी, म्हणजे उचलून खाली बघता येईल. पत्रा आणलाय. मामा गणपतीच्या मखरात अडकलाय, त्यामुळे रिव्हेटिंग अनंत चतुर्दशीनंतर.